पद्माकरचे बांध

माझ्या फोनमध्ये त्याचं नाव ‘पद्माकर कार्बोरेटर’ असं आहे. त्या दिवशी सकाळी साडेसातला ते नाव उमटलं तेव्हा मी रोडपालीच्या घरी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होतो, आणि खरं सांगायचं तर कपाळाला आठी घालून मी फोन तसाच वाजू दिला. पद्माकरचे फोन नेहमी याच वेळी यायचे. ‘सर, चाय झाली का’ पासून सुरुवात व्हायची आणि मग अर्धा तास कुठे जायचा ते कळायचं नाही. अंघोळ उरकून निवांत करू, म्हटलं. फोन थांबला, लगेच पुन्हा वाजला. उचलला तर पलीकडे त्याची बायको, नंदावहिनी. “सर, त्ये गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. मी विचारलं, “कुठे गेला?” सत्तरी गाठलेल्या, उभा जन्म मुलांना शिकवण्यात घालवलेल्या माणसाने विचारलेला हा प्रश्न... पलीकडून हुंदका आला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी हातातली झारी घेऊन तसाच उभा राहिलो. पाणी पायांवर सांडत होतं.

पनवेलजवळच्या कोनच्या पुढे त्याच्या गावी पोचलो तेव्हा त्याला अंगणात चटईवर निजवलं होतं. पहाटे छातीत दुखलं, पनवेलच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. अंघोळ घातलेली, कपाळाला बुक्का, अंगावर कोरं धोतर. नखांतली काळी रेघ मात्र तशीच होती. पंचवीस वर्षं मी ती रेघ पाहत आलो, लग्नकार्याला साबण लावून लावून थकायचा तरी जायची नाही. ती पाहिली आणि मला रडू आवरेना. लोक बघत होते, बघू देत. गावातल्या कुणीतरी मला खुर्ची आणून दिली. मला खुर्ची नको होती. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती, ती मी सोळा वर्षं सांगितली नव्हती आणि आता ऐकायला तो नव्हता. आज सहा आठवड्यांनी लिहायला बसलोय ते त्या गोष्टीसाठी.

पनवेलच्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवायला मी सांगलीहून आलो तेव्हा आल्या आल्या एक शहाणपणा केला, लिलावातली एक जुनी पेट्रोल जीप घेतली. बायकोने तिचं नाव ‘सवत’ ठेवलं, कारण माझे रविवार तिच्याखाली आडवं पडण्यात जायचे. ही सवत सपाटीला बरी चालायची, पण चढ लागला की खोकायची, आचके द्यायची. तीन गॅरेजवाल्यांनी तीन निदानं केली आणि तिघांनी मिळून कार्बोरेटर चार वेळा खोलला. मग कुणीतरी पद्माकरकडे पाठवलं. रस्त्याला लागून पत्र्याची शेड, पाटी नाही. तिथे माझ्याच वयाचा एक काळासावळा, शिडशिडीत माणूस. मी शिक्षक आहे हे सांगितल्यावर त्याने हात पुसून नमस्कार केला. काही न विचारता गाडी जवळच्या चढावर नेली, जोर लागलेला असतानाच चावी बंद केली, तिथेच चारही स्पार्क प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. पुढचे दोन पांढुरके, मागचे दोन काजळीने माखलेले. “सर, पुढचे दोन उपाशी हायत,” तो म्हणाला, “आन मागच्या दोघांना अजीर्न झालंय. तुमचा कार्बोरेटर चांगला हाय. रांधनारा चांगला हाय, वाढताना गडबड हाय.”

ज्यांचा इंजिनाशी फक्त चावी फिरवण्यापुरता संबंध येतो त्यांच्यासाठी जरा मास्तरकी करतो. जुन्या इंजिनात कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा एकत्र करतो, आणि मॅनिफोल्ड नावाचा, फांद्या फुटलेला एक नळ ते मिश्रण चार सिलिंडरांना वाटून देतो. वाटणी सारखी झाली तर इंजिन सुखाने चालतं. पण सगळं पेट्रोल काही हवेत विरत नाही. थोडं नळाच्या तळाला ओलं राहतं आणि वाट मिळेल तिकडे ओघळतं. ओघळ ज्याच्याकडे गेला त्याची चंगळ, बाकीचे उपाशी. हे मी दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूने बाण काढून शिकवायचो, तसंच त्या शेडमध्ये पद्माकरलाही उभ्याउभ्या तासभर शिकवलं. त्याने मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, “म्हंजे मिठागरच की, सर.”

त्याचं बालपण खाडीकाठच्या मिठागरात गेलं होतं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून वाफ्यावाफ्यांत सारखं पसरायचं, उन्हाने आटवायचं. एका वाफ्यात पाणी जास्त झालं तर तिथे मीठ धरत नाही आणि शेजारचा वाफा करपतो. “पानी आपल्या मनानं जात नाय, उतारानं जातं,” तो सांगायचा. “माजा बापूस अनवानी चालून सांगायचा, वाफा कुठं तीलभर खाली बसलाय ते.” पुढे मिठागरांची जमीन सरकारने नव्या शहरासाठी घेतली. तीन पिढ्या राबलेल्या त्याच्या घरच्यांचं नाव मात्र एकाही कागदावर नव्हतं. बापूस भरपाईसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवून झिजवून गेला. पद्माकर सातवीत शाळा सोडून गॅरेजला लागला. या सगळ्याबद्दल तो कधी चिडून बोलला नाही, एकच वाक्य अधूनमधून म्हणायचा, “ज्याचा कागद नाय, त्याचं कायच नाय.” हे वाक्य मी तेव्हा म्हणीसारखं ऐकून सोडून द्यायचो.

माझी गाडी त्याने त्या वेळी तात्पुरती सुधारून दिली, पण ते उपाशी प्लग काही त्याच्या डोक्यातून गेले नाहीत. पुढची पाच-सहा वर्षं आमचे रविवार त्या शेडमध्ये गेले. त्याने माझ्या जीपच्याच जातीचा एक मॅनिफोल्ड भंगारातून आणला, करवतीने त्याचं डोकं उडवलं, वर काच बसवली. चार तोंडांना नळ्या लावून त्या एका जुन्या व्हॅक्यूम क्लीनरला जोडल्या, म्हणजे इंजिन जसं हवा ओढतं तशी हवा ओढली जाईल. आणि आत पेट्रोलऐवजी निळीचं पाणी सोडलं. काचेतून ते निळं पाणी तळाशी कसं सरकतं, कुठे साचतं, कुठल्या फांदीत शिरतं, ते तासन्‌तास बघत बसायचा. मग मिठागरात घालतात तसे बांध घालायला सुरुवात केली. पितळेचे, तांदळाच्या दाण्याएवढ्या उंचीचे, जरा तिरके. एक बांध घालायचा, पाणी सोडायचं, बघायचं, खरवडून काढायचा, पुन्हा घालायचा. मी पुस्तकं घेऊन जायचो, गणितं मांडायचो, तो आदराने ऐकायचा आणि बांध आपल्याच मनाने घालायचा. वहिनी धुणं घेऊन बसल्या की निळीची पुडी रिकामी मिळायची. “लोकांचे नवरे दारू पितान,” त्या मला ऐकवायच्या, “माजा नील पितो.”

अखेर एकदा तो मॅनिफोल्ड काचेऐवजी धातूने बंद करून, सवतीला बसवून आम्ही घाट चढलो. ती आचके न देता, गुणगुणत चढली. वर पोचल्यावर त्याने प्लग काढून पेपरावर मांडले. चारही एका रंगाचे, भाजलेल्या विटेसारखे. मी लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या. पद्माकर त्या चार प्लगांकडे बघत राहिला, मग डोळे पुसले आणि धुराने डोळे चुरचुरतात म्हणाला. धूर कुठेच नव्हता.

उतरताना त्याने माझ्याकडे एक मागणं केलं. इतक्या वर्षांत पहिलं आणि शेवटचं. “सर, तुमच्या कॉलेजात मशीनवर लावून एकदा बगा. आन काय दिसंल त्ये कागदावर लिवून द्या. सहीशिक्क्यानं. माजं नाव घाला नायतर नका घालू, पन कागद होऊं द्या.” मी म्हटलं, अरे, तुझंच नाव घालणार, दुसऱ्या कुणाचं?

आमच्या प्रयोगशाळेत जीपचंच एक जुनं इंजिन लोखंडी स्टँडवर बसवलेलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींसमोर हा प्रयोग करायचा असं मी ठरवलं. त्यांनाही कळू दे, खरा इंजिनिअर कोणाला म्हणतात. माझ्या परीने मी काही कमी ठेवलं नाही. आदल्या दिवशी स्वतः स्पिरिट लेव्हल लावून, पायांखाली पत्रे सरकवून स्टँड चारही बाजूंनी तंतोतंत सपाट केला. मुलांना ऐटीत सांगितलं, प्रयोगाची बैठक सपाट हवी, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. पद्माकर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. आधी कंपनीचा मॅनिफोल्ड लावून रीडिंग घेतलं, मग त्याचा लावला. इंजिन लोडवर चालवलं, बंद केलं, प्लग काढले. पुढचे दोन काळे, मागचे दोन पांढरे. साध्या मॅनिफोल्डपेक्षाही वाईट. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं, तेच.

त्या वेळी मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मुलांकडे तोंड करून म्हणालो, “पाहिलंत? रस्त्यावरचा अनुभव वेगळा आणि मोजमाप वेगळं. इंजिनिअरने अनुभवाच्या प्रेमात पडायचं नसतं.” मग टेबलाशी बसलो आणि प्रामाणिकपणाच्या तोऱ्यात रिपोर्ट लिहिला, ‘सुधारणा आढळली नाही’. खाली सही, शिक्का. त्याला कागद हवा होता ना, दिला. पद्माकरने तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. “बरं, सर,” म्हणाला. मॅनिफोल्ड न्यायला विसरला, किंवा नेला नाही. मी तो स्टोअरच्या फळीवर ठेवून दिला.

यानंतर त्याने निळीचं पाणी कधी सोडलं नाही. मला वाटलं, मोडला बिचारा, होईल ठीक. तसंही नव्या गाड्यांत कार्बोरेटर उरलाच नव्हता, प्रत्येक सिलिंडरला संगणक मोजून पेट्रोल देऊ लागला होता. पद्माकर ऑइल बदल, ब्रेक, सर्व्हिसिंग असली कामं करू लागला. आमचं येणंजाणं मात्र राहिलं. तो मला सकाळी साडेसातला फोन करायचा, मी आठी घालायचो आणि अर्धा तास बोलायचो.

साधारण दोन वर्षांनी एका दुपारी मी सवतीचं बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा बघत होतो. बायकोने चहा आणून दिला, तो कप मी इंजिनावरच्या सपाट जागी ठेवला. चहा कपात तिरका उभा राहिला, मागच्या बाजूने काठोकाठ, पुढून बोटभर खाली. गाडी तर सपाट फरशीवर उभी होती. मी कपाकडे बघत राहिलो. गाडीत इंजिन सपाट नसतं. ते मागे झुकवून बसवलेलं असतं. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही, परीक्षेत मी तिच्यावर दोन गुणांचा प्रश्न विचारलाय. पेट्रोलचा ओघळ त्या उतारानेच मागे जातो, मागचे दोन त्यामुळेच माखतात, आणि पद्माकरचे बांध त्या उतारासाठीच घातलेले होते. मी उतारच काढून टाकला होता. सपाट बैठकीवर ते बांध नुसते मागच्यांची वाट अडवून बसले. मोजमाप बरोबर होतं, प्रयोग चुकला होता, आणि तो मी स्पिरिट लेव्हल लावून, कौतुकाने चुकवला होता.

त्याच संध्याकाळी उठून कोनला जायला हवं होतं. सायकलने गेलो असतो तरी चाललं असतं. मी नाही गेलो. आधी वाटलं, पुन्हा प्रयोग करून पक्कं करू, मगच सांगू. मग परीक्षा आल्या. मग वाटलं, दोन वर्षं उलटली, त्याची जखम भरली असेल, आता खपली कशाला काढा? असं एकेक कारण हाताशी ठेवलं होतं. खरं कारण एकच, सातवी शिकलेल्या माणसासमोर ‘माझं चुकलं’ म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. त्याच्याकडे गेलो की मनात वाक्य जुळवायचो, आणि पाऊसपाण्याच्या, त्याच्या मुलीच्या उरणच्या सासरच्या गप्पा मारून परत यायचो. निवृत्त झालो तरी तेच. एवढी साधी गोष्ट मी सोळा वर्षं मूग गिळून पोटात ठेवली. लाज वाटते लिहायला.

गेल्या हिवाळ्यात मात्र अगदी ओठांवर आली होती. दर वर्षी वालाच्या शेंगा आल्या की तो मला पोपटीला बोलवायचा. शेतात शेंगांची मडकी भामरुडाचा पाला घालून उपडी लावायची आणि वर जाळ करायचा. बाकीच्यांच्या मडक्यात अंडी, कोंबडी. माझ्यासाठी निव्वळ शाकाहारी मडकं वेगळं, त्याच्यावर खडूने ‘सर’ लिहिलेलं. ऊन उतरलं होतं, आम्ही दोघेच गवतावर बसून शेंगा सोलत होतो. मी म्हणालो, “पद्माकर, तो स्टँड...” त्याने हातातली शेंग खाली ठेवली. “कंचा स्टँड, सर?” त्याने विचारलं. माझ्याकडे सरळ बघत होता. आणि मी, सत्तर वर्षांचा घोडा, म्हणालो, “स्कूटरचा रे. मोडलाय वाटतं.” त्याने शेंग पुन्हा उचलली. मग म्हणाला, “येतो उद्या.” दुसऱ्या दिवशी सकाळी पाने-पक्कड घेऊन रोडपालीला हजर. खाली वाकून स्टँड बघितला. तो मोडलेला नव्हताच. पद्माकरने तरीही स्प्रिंगला तेल सोडलं, हात पुसले, चहा घेतला आणि गेला. ती आमची शेवटची धड भेट.

त्याच्या दहाव्यानंतर मला घरात बसवेना. पॉलिटेक्निकात गेलो. माझी एक विद्यार्थिनी आता तिथे शिकवते, तिला सगळं सांगितलं. कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो. ते जुनं इंजिन अजून होतं, मॅनिफोल्डही स्टोअरच्या त्याच फळीवर होता, धुळीने भरलेला. जीपमध्ये इंजिन किती झुकतं ते काढून आम्ही स्टँडच्या पुढच्या पायांखाली लाकडी पाचरी ठोकल्या. अर्ध्या तासाचं काम. सोळा वर्षं जे मला जमलं नाही ते अर्ध्या तासाचं काम होतं... इंजिन चालवलं, बंद केलं. प्लग मी स्वतः काढले. चारही विटेच्या रंगाचे. ती पोरगी म्हणाली, “सर, बसा जरा.” मी बसलो आणि पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलो.

तिथेच नवा रिपोर्ट लिहिला. आधीचा निष्कर्ष चुकीचा होता, चूक माझी होती, हे पहिल्या वाक्यात लिहिलं. मग सगळी रीडिंगं, आणि मॅनिफोल्ड कोणी तयार केला त्या जागी त्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मी आता नोकरीत नाही, म्हणून त्या पोरीने सही केली, शिक्का मारला. मीही खाली सही केली. तो कागद घेऊन कोनला गेलो.

नंदावहिनी ओसरीवर होत्या. त्यांनी चहा दिला. मी चहा पिण्याआधीच सगळं बोलून टाकलं. सपाट स्टँड, झुकलेलं इंजिन, चहाचा कप, इतकी वर्षं... कागद त्यांच्या हातात दिला. त्यांना वाचता येतं, पण त्यांनी वाचला नाही, मांडीवर ठेवून त्यावरून हात फिरवला.

“त्यांना म्हाईत होतं, सर,” त्या म्हणाल्या.

मी उचललेला कप खाली ठेवला.

“त्याच दिशी घरी येऊन मना बोलले. स्टँड सपाट होता, बोलले. गाडीत इंजिन मागं झुकतं, सरांच्या ध्यानात नाय आलं.”

“मग मला तिथेच का नाही सांगितलं त्याने?”

“मीपन हेच इचारलं. तर बोलले, सरांचे पोरं उभे होते सगले. पोरांदेखत मास्तरला कसं सांगू, तुमचं चुकलं म्हनून?”

“पण नंतर तरी...”

“नंतर बोलले, सर हुशार हाय. त्यांचं त्यांना कलंल. कललं का येतील सांगायला.” वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. “तुमी आलात का मना आत येऊन सांगायचे, आज बोलतील बग. तुमी उठायला लागलात का दारातून मना इशारा करायचे, चाय ठेव म्हनून. सर बसतील अजून थोडे.”

मला आठवलं. उठायला लागलो की तो दरवेळी म्हणायचा, अजून अर्धा कप घ्या, सर. आग्रही माणूस, मी मनात म्हणायचो, आणि तो अर्धा कप घाईघाईने पिऊन निघायचो.

माझ्याने तिथे बसवेना. मी चपला घालायला उठलो. वहिनींनी डोळे पुसले आणि कागद हातात घेऊन त्याही उठल्या.

“बसा, सर,” त्या म्हणाल्या, “अजून अर्धा कप ठेवते.”

मी बसलो.